क्षितिजचं नाव छापताना

गल्लीतल्या गणेश मंडळाच्या चित्रकला स्पर्धेला यंदा ८६ मुलं होती. प्रमाणपत्रांवर नावं घालायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, कारण अक्षर बरं. या वेळी म्हटलं, संगणकाकडून करून घेऊ. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मला येत होती ती शाळेतल्या निकालाच्या बेरजा करण्यापुरतं. एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, कैरो वापरा. प्रोग्राममधून चित्रं काढायची लायब्ररी आहे, म्हणजे तयार फंक्शनांचा संच. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअरसुद्धा तेच वापरतं."

घरी येऊन 'कैरो' शोधलं आणि पिरॅमिड समोर आले. पुढे 'प्रोग्रामिंग' जोडलं, तर त्याच नावाची ब्लॉकचेनवाल्यांची एक भाषा निघाली. मला हव्या असलेल्या लायब्ररीचं मूळ नाव एक्सआर. ती दोन अक्षरं ग्रीक समजून वाचली की काय-ऱ्हो, म्हणून कैरो. गंमत छान आहे, पण शोधणाऱ्याचे हाल. शेवटी 'पायकैरो', म्हणजे पायथनमधून वापरायचं कैरो, हा शब्द सापडला आणि गाडी रुळावर आली.

अधिकृत दस्तऐवज उघडले, तर सी भाषेतल्या फंक्शनांची लांबच लांब यादी. शब्दकोश वाचून भाषा शिकायला बसल्यासारखं वाटलं. उपयोगी पडलं ते एक छोटं ट्युटोरियल. त्यात स्रोत, मास्क आणि पृष्ठ अशी मांडणी होती. मला लगेच रांगोळीचा छाप आठवला. रंग म्हणजे स्रोत, भोकं पाडलेला छाप म्हणजे मास्क आणि अंगण म्हणजे पृष्ठ. आधी मार्ग आखायचा, मग 'फिल' करून आतला भाग भरायचा किंवा 'स्ट्रोक' करून कड काढायची. एकदा भरलं की मार्ग पुसला जातो. कडही हवी असेल तर 'फिल प्रिझर्व' वापरावं लागतं. हे कळेपर्यंत माझ्या चौकटीला एक तर रंग असायचा, नाही तर कड.

गणिताच्या बाईंची खरी फजिती वर्तुळाच्या कंसात झाली. इथे वाय अक्ष खाली वाढतो, त्यामुळे कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात. फळ्यावर वर्षानुवर्षं उलटं शिकवलंय, हात वळेना. बाकी पान सोपं होतं: पीडीएफमध्ये ७२ पॉइंटांचा एक इंच, म्हणजे ए-फोर कागद साधारण ५९५ बाय ८४२.

मग नाव. चाचणीसाठी 'क्षितिज' घेतलं. पहिल्यांदा नुसते चौकोन आले, कारण निवडलेल्या फाँटात देवनागरी नव्हतीच. नोटो सान्स देवनागरी लावला, तर क चा पाय मोडलेला, ष सुटा आणि दोन्ही वेलांट्या एकेक घर पुढे सरकलेल्या. वाचायला 'क्‌षतिजि'. दोन संध्याकाळी मी फाँट बदलत बसले. फाँटाचा काही दोष नव्हता.

उत्तर कैरोच्याच दस्तऐवजात होतं, मी वाचलं नव्हतं इतकंच. 'शो टेक्स्ट' हे फंक्शन खेळण्यातलं आहे, गंभीर मजकुराच्या कामाला पुरेल अशी अपेक्षा ठेवू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ते प्रत्येक वर्णाचं चित्र टाईप केलेल्या क्रमानं शेजारी शेजारी ठेवतं. जोडाक्षर घडवणं आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं याला शेपिंग म्हणतात. ते काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीचं, आणि तिच्याकडून ते करून घेते पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी. रोमन लिपीत लिहिणाऱ्याचं 'शो टेक्स्ट'वर सहज भागतं, म्हणून सुरुवातीच्या धड्यांत पँगोचं नावही नसतं. 'शेपिंग' हा शब्द मिळाल्यावर जे सापडलं, ते आधीच्या आठवडाभरात सापडलं नव्हतं.

तरी निम्मी उदाहरणं पायथन दोन या जुन्या आवृत्तीच्या काळातली निघाली. त्यांतलं पहिलंच 'इम्पोर्ट' माझ्याकडे चालेना. आता हे सगळं 'जीआय' या पायथन मॉड्यूलमधून, पँगोकैरो या नावानं घ्यायचं असतं. तसं केलं, तर कैरोच्या कॉन्टेक्स्टसाठी, म्हणजे ज्यातून सगळं रेखाटन होतं त्या वस्तूसाठी, 'फॉरेन स्ट्रक्ट कन्व्हर्टर' सापडत नाही, अशी त्रुटी आली. माझ्या संगणकातल्या उबुंटू या प्रणालीवर 'पायथन३-जीआय-कैरो' हे वेगळं पॅकेज टाकल्यावर ती गेली. लेआउट तयार केला, नाव दिलं, रुंदी मोजून मध्यभागी ठेवलं, आणि 'क्षितिज' जसं असायला हवं तसं उमटलं. मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. त्याला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

पुढचं अर्ध्या तासात झालं. यादी वाचायची, नाव काढायचं, 'शो पेज', पुढचं पान. ८६ पानांची एक पीडीएफ, थेट छापखान्यात.

बक्षीस समारंभात क्षितिजची आई प्रमाणपत्र घेऊन आली. यादी टाईप करताना मी घाईत 'क्षितीज' लिहिलं होतं, आणि पँगोनं ती दीर्घ वेलांटी फार सुरेख काढली होती. तेवढं एक प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी मी हातानं लिहून दिलं.