शून्याची पट्टी आणि अण्णांची ड्युटी

20 मे 2025 रोजी, मंगळवारी, मी पहाटे पावणेसहाला पिट्सबर्गबाहेरच्या आमच्या गावातील अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हजर झाले आणि रात्री साडेनऊनंतर घरी परतले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील प्राथमिक निवडणुकीसाठी (पक्षांचे उमेदवार ठरतात ती) मी मतदान केंद्रावर कारकून म्हणून काम केले, आणि तेही स्वतः अर्ज करून. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा अण्णा क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "ड्युटी मागून घेतलीस? अगं, आम्ही ती रद्द करून घ्यायला तहसील कचेरीत खेपा घालायचो."

अण्णा पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. निवडणूक आली की घरात आजारपण आल्यासारखे वातावरण होत असे. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचे, एसटीने डोंगरावरच्या शाळेत पोहोचायचे, तिथल्या फरशीवर झोपायचे, आणि मतदान संपल्यावर मेणबत्तीवर लाख वितळवून पाकिटे मोहोरबंद करायची. बोटावर सांडलेल्या लाखेचा एक डाग त्यांच्या अंगठ्याजवळ अजून आहे. साहित्य जमा करून ते पहाटे घरी येत आणि कोणाशी न बोलता झोपून जात. कोण निवडून आले, यात त्यांना फारसा रस नसे. हिशेब जुळला का, एवढेच त्यांना महत्त्वाचे वाटे. लहानपणी मला तो कोरडेपणा वाटत असे.

मी हा अर्ज का केला, हे सांगायचे तर 2024 च्या नोव्हेंबरकडे जावे लागेल. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी ज्यांना मत दिले त्या हरल्या. त्या रात्री मी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर जे लिहिले ते आज वाचवत नाही. इथून तासाभरावर असलेल्या बटलरमध्ये जुलैत ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, त्यात सभेला आलेला एक माणूस मेला, आणि तरीही नोव्हेंबरपर्यंत आम्ही सगळे एकमेकांवर ओरडतच होतो. इथल्या मतदानानंतर पंधरा दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले आणि गटावर तीच भांडणे मराठीत सुरू झाली. मामेभावाने मला सुनावले, "तू आता तिकडची नागरिक आहेस, आमच्या निकालावर बोलू नकोस." शब्द झोंबले, कारण ते खरे होते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले त्या दिवशी माझा भारतातील मताचा हक्क संपला, आणि इथल्या मताचा उपयोग मी चार वर्षांतून एकदा मत देण्यापुरता आणि उरलेला वेळ चिडण्यापुरता करत आले होते. (माझ्या बाजूने एवढेच म्हणते की नोकरी, दोन मुले आणि सासूबाईंचे आजारपण यांतून वेळ काढणे सोपे नव्हते. पण वेळ इतरांनाही कमीच असतो.)

डिसेंबरात एके रात्री सहज हिशेब केला. पेनसिल्व्हेनियात 2016 साली जय-पराजयातील अंतर सुमारे 44 हजार मतांचे होते, 2020 साली 80 हजारांचे आणि 2024 साली 1 लाख 20 हजारांचे. राज्यात मतदान केंद्रे नऊ हजारांहून अधिक. म्हणजे 2016 मध्ये संपूर्ण राज्याचा कौल एका केंद्रामागे जेमतेम पाच मतांनी ठरला होता. पाच माणसे तर आमच्या गल्लीच्या एका वळणावर राहतात, आणि त्यातील तिघांची नावेही मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला.

आता एक तक्रार, आणि ती मी सविस्तर करणार आहे. इथे नेहमीच्या मतदाराला ओळखपत्र विचारत नाहीत! माणूस येतो, नाव सांगतो, यादीत सही करतो, आम्ही ती सही यादीतील छापील सहीशी ताडून पाहतो, झाले. बोटाला शाई नाही. त्या केंद्रावर प्रथमच मत देणाऱ्याला मात्र ओळखपत्र दाखवावे लागते. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, 1993 साली, आपल्याकडे मतदार ओळखपत्रे सुरू झाली आणि आज ते कार्ड कपाटात कुठे आहे हे घराघरात ठाऊक असते. 2024 च्या लोकसभेला 64 कोटी लोकांनी मत दिले, त्यांच्या बोटांना शाई लागली, आणि हे लोक मला सह्यांचे वळण पाहायला सांगतात! प्रशिक्षणाच्या वेळी मी हात वर करून विचारलेच. उत्तर असे मिळाले की 2012 साली राज्याने प्रत्येक वेळी फोटो ओळखपत्र सक्तीचे करणारा कायदा केला होता. परंतु ज्यांच्याकडे तसे ओळखपत्र नाही अशा खऱ्या मतदारांचा हक्क त्यामुळे जातो, म्हणून न्यायालयाने 2014 मध्ये तो रद्द ठरवला. कारण पटले, तरी समाधान झाले नाही, आणि अजूनही झालेले नाही.

गंमत अशी की या मुद्द्यावर माझे मत ज्यांच्याशी जुळले ते गृहस्थ दिवसभर माझ्या शेजारी बसले होते. इथे प्रत्येक केंद्रावर मतदानाचे काम पाहणारे दोन इन्स्पेक्टर निवडून येतात. अधिक मते मिळालेला बहुमताचा आणि दुसऱ्या क्रमांकाचा अल्पमताचा. त्यामुळे साधारणपणे दोन्ही पक्षांची माणसे एकाच टेबलाशी बसतात. आमचे अल्पमताचे इन्स्पेक्टर आमच्याच गल्लीतले, शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या अंगणातील ट्रम्प यांची पाटी डिसेंबरपर्यंत उभी होती आणि तोवर मी त्यांच्या बाजूचा फुटपाथ टाळत असे. ओळखपत्राबद्दलचे माझे मत ऐकून ते इतके खूश झाले की स्वतःच्या डब्यातील अर्धे सँडविच त्यांनी माझ्यापुढे सरकवले.

दुपारी तीनच्या सुमारास ट्रम्प समर्थकांची लाल टोपी घातलेला एक तरुण आला. मतदाराने अशी टोपी घालून येण्यास इथे बंदी नाही. मी यादी उघडली. नाव सापडले नाही. पुन्हा पाहिले, तरी नाही. आणि मला आत कुठेतरी बरे वाटले. ते क्षणभरच टिकले, पण बरे वाटले हे नाकारता येत नाही. मी तात्पुरत्या मतपत्रिकेच्या (मतदाराची पात्रता नंतर तपासून मोजतात ती) गठ्ठ्याकडे हात नेत होते, कारण नियमाने तीही देता आली असती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे माझ्याच पक्षाच्या, इन्स्पेक्टर बाईंनी यादीच्या शेवटची पुरवणी पाने काढून माझ्यापुढे ठेवली. नोंदणीची मुदत 5 मे रोजी संपली होती. अगदी शेवटी नोंदवलेली नावे त्या पानांवर होती. तिसऱ्या ओळीत त्याचे नाव होते. तो नुकताच या गावात राहायला आला होता. त्याने ओळखपत्र दाखवले, सही केली, मत दिले आणि "थँक यू, मॅम" म्हणून गेला. पुरवणी यादी पाहायची असते, हे मला शिकवलेले होते. लाल टोपी नसती तर मी ती आधीच पाहिली असती का, हा प्रश्न मी घरी येईपर्यंत स्वतःला विचारत होते.

आपल्याकडच्या वाचकांना हे सारे फार लहान वाटेल, याची कल्पना आहे. मुंबई महापालिकेत तेव्हा मार्च 2022 पासून नगरसेवकच नव्हते, आणि 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा म्हणून सांगावे लागले. आणि मी इथे शाळा मंडळाच्या उमेदवारांसाठी पंधरा तास बसले.

सकाळी सातपूर्वी यंत्रातून एक लांब कागदी पट्टी काढतात. प्रत्येक उमेदवारापुढे शून्य छापलेले असते आणि खाली आम्ही सगळे सह्या करतो. रात्री आठला दार बंद झाल्यावर, रांगेतील शेवटच्या माणसाचे मत झाले की, आकड्यांची पट्टी निघते, तिच्यावर पुन्हा सह्या होतात आणि तिची एक प्रत दारावर बाहेरून लावतात. त्या रात्री पाऊस होता. बसवाले शेजारी पट्टी धरून उभे होते आणि मी चिकटपट्टी तोडून देत होते. मतपत्रिका आणि यादीतील सह्या यांचा आकडा पहिल्यांदा जुळला नव्हता. दुसऱ्यांदा मोजल्यावर जुळला, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी श्वास सोडला.

दोन्ही पट्ट्यांचे फोटो मी अण्णांना पाठवले. साताऱ्यात तेव्हा सकाळ झाली होती. त्यांनी चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण पाच मिनिटांनी उत्तर आले, "सकाळच्या पट्टीवर सहा सह्या आहेत, रात्रीच्या पट्टीवर पाच. सहावा कुठे गेला?"

सहावी मीच होते. चिकटपट्टी शोधत होते. मी छत्री घेतली आणि परत हॉलकडे निघाले.