पिंप्रदची दुपार

झेलम एक्स्प्रेस पाच तास उशिरा पुण्याला पोचली आणि आळंदी गाठेपर्यंत दिवेलागण झाली. महाद्वारात हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकलं आणि माउलींच्याही आधी आठवले ते नाना.

दर आषाढात ऑफिसात चहाच्या वेळी नाना तीच गोष्ट सांगायचे. हैबतबाबा आरफळकर आमच्या ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत होते. घरी परतताना वाटेत सातपुड्यात भिल्लांनी धरलं, कोंडून घातलं. बाबांनी हरिपाठ धरला आणि सुटले. मग आळंदीतच राहिले आणि १८३२च्या सुमाराला हा पालखी सोहळा उभा केला. गोष्ट आम्हाला पाठ होती, तरी कुणी मध्ये बोलत नसे. शेवटी नाना म्हणायचे, "सोहळा उभा करणारा माणूस इथून निघून गेला, आणि मी अजून जनकगंजातच. रिटायर झालो की पहिल्याच आषाढात."

यंदा मेअखेरीला ते रिटायर होणार होते. जानेवारीत, धुक्याच्या त्या आठवड्यात, रात्री झोपेतच गेले. त्यांच्या खणात गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, अर्धा डबा निघाला. पहिली थंडी पडली की सगळ्या सेक्शनला गजक त्यांच्याकडून, हे ठरलेलं. तो डबा कुणाला खाववेना आणि टाकवेनाही.

मी वीस दिवसांची रजा टाकली. रथामागच्या एका दिंडीत जेवणाखाण्याची भिशी भरली. कुणाला फारसं सांगितलं नाही.

सुरुवातीचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. दिवे घाट पावसात चढलो. जेजुरीला भंडारा अंगभर. नीरेच्या स्नानाला मी गर्दीत इतका मागे अडकलो की पादुका दिसल्याच नाहीत. खरं सांगायचं तर लोणंदपर्यंत मी चिडलेलाच होतो. पहाटे तीनला टँकरपाशी रांग, तिथेही घुसणारे. राहुटीत शेजारचा माणूस रात्री बारापर्यंत मोबाइलवर कीर्तन लावून ठेवायचा, आणि कीर्तनाला बंद करा कसं म्हणायचं? ओल्या सतरंजीवर पडल्यापडल्या राग नानांवर निघायचा. तीस वर्षं 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' केलंत. एका वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एका वर्षी थोरलीचं बाळंतपण, एका वर्षी तर सेक्शनमधल्या नव्या मुलाचं लग्न आषाढाच्या तोंडावर निघालं म्हणून स्वतःची मंजूर झालेली रजा मागे घेतलीत. तो मुलगा मीच होतो.

फलटणहून निघालो त्या सकाळी उजव्या टाचेत काहीतरी टोचत होतं. आदल्या दिवशीचे मोजे वाळलेच नव्हते, तेच घातले होते. विडणीपर्यंत पाय घसटत ओढला. पिंप्रदला विसाव्याला थांबलो, तर मोजा निघेना. कातडीला चिकटला होता. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलेलं, रस्ता तापलेला. आमची दिंडी पुढे जेवायला गेली आणि मी कडुनिंबाखाली एकटाच बसून राहिलो. समोरून दिंड्यांमागून दिंड्या चालल्या होत्या. पखवाज जवळ यायचा, लांब जायचा, दुसरा यायचा. माझ्या तोंडून माउलींचं नाव निघेना. इथून फलटणला परत जायला एस.टी. कुठे मिळेल, एवढंच डोक्यात.

एक म्हातारे वारकरी रांगेतून बाजूला झाले. सत्तरीपुढचे असावेत. बोलण्यावरून परभणीकडचे वाटले. त्यांनी काही विचारलं नाही. समोर उकिडवे बसले आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी मागे ओढला, तर घोटा धरून ठेवला. बाटलीतलं पाणी थोडं थोडं मोज्यावर सोडत राहिले. प्यायचं पाणी होतं ते. मोजा सुटायला बराच वेळ लागला. त्यांना घाई नव्हती. खाली रुपयाएवढा फोड, टच्च भरलेला. त्यांनी टोपी काढली. टोपीच्या आतल्या शिवणीत सुई खोचलेली होती, पांढऱ्या दोऱ्यासकट. काडी ओढून सुईचं टोक ज्योतीवर धरलं, फोडाच्या एका अंगानं आत घालून दुसऱ्या अंगानं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी दोऱ्यावरून ठिबकायला लागलं.

"दोरा काढू नगा माउली," ते म्हणाले. "पाणी त्याच वाटंनं जातंय. कातडं तेवढं सोलू नगा."

मग पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, टाचेला बोट फिरवलं, धोतराच्या जुन्या धडप्याची पट्टी बांधली. सगळं झाल्यावर माझ्या पायावर डोकं ठेवलं. वारीत हे होतंच, सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, आळंदीपासून मीही पडत होतो. पण माझ्या वडिलांहून मोठा माणूस, हाताला माझ्या पायाचा चिखल, आणि डोकं माझ्याच पायावर. मी नाव विचारलं, गाव विचारलं. ते हसले, टोपी घातली आणि "चला, लांबलो," म्हणत रांगेत शिरले. किती नंबरची दिंडी, तेही पाहायचं राहिलं.

मी तिथेच रडलो. नाना गेले त्या दिवशी रडलो नव्हतो. घाटावर लाकडं, गाड्या, लोकांचे फोन, सगळं माझ्याकडे होतं.

माझे वडील आजारी होते तेव्हा सगळे येऊन म्हणून गेले, काही लागलं तर सांगा. नाना असं कधी म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला ते वॉर्डात आले, हातात डबा आणि बगलेत चादर. "तू घरी जाऊन झोप, सकाळी सातला ये." अकरा रात्री ते एक दिवसाआड तसे आले, आणि सकाळी दहाला आपल्या टेबलावर दाढी करून हजर. वडिलांचं भांडं त्यांनीच धुतलेलं असायचं, हे मला नर्सकडून कळलं. मी कधी आभार मानले नाहीत. मानायला गेलं की ते फायलीचं काहीतरी काढायचे.

बरडला पोचायला रात्र झाली, पण पोचलो. त्यानंतर पाय दुखत नव्हता असं नाही. चालत होतो. सदाशिवनगरच्या रिंगणात अश्व दौडला आणि टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावले, त्यांत मीही होतो. वाखरीनंतरचं फारसं आठवत नाही. दर्शनाच्या रांगेत उभं राहायला रजा पुरणार नव्हती, कळसाला हात जोडले आणि चंद्रभागेवर नानांच्या नावानं एक बुडी घेतली.

परतल्यावर बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची माळ घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी सगळं देवापुढे ठेवलं, मला पोहे दिले. दर्शन झालं का, हे विचारलं नाही. म्हणाल्या, "चालवलं का हो एवढं? हे दर ज्येष्ठात पहाटे उठून किल्ल्याच्या उरवाई दरवाजापर्यंत चालून यायचे. सवय राहावी म्हणून. ऑफिसात सांगू नकोस म्हणायचे."

ज्येष्ठातलं ग्वाल्हेर. पहाटे पाचलाही अंगणातली फरशी गरम असते. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं.

"दरवर्षी?"

"दरवर्षी. रजा नसली तरी."

मी विचारलं, जाऊन येऊन किती वेळ लागायचा.

"पावणेदोन तास," वहिनी म्हणाल्या. "येताना मुलींसाठी बेडई घेऊन यायचे ना, तिथे रांग असायची."