तिरफळ नसलेले शेजवान

ठाण्यात चायनीजचा विषय निघाला की माणसांचे दोन गट पडतात. एका गटाला तलावपाळीजवळच्या गाडीवर मिळणारे ट्रिपल शेजवान हेच चीनचे जेवण वाटते. दुसरा गट ‘हे चायनीज नव्हेच’ असे म्हणून नाक मुरडतो. ज्याच्या नावावरून आपला ‘शेजवान’ हा शब्द आला, त्या चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या राजधानीत, चेंगदूमध्ये, कामानिमित्त काही काळ राहण्याची संधी मला मिळाली आणि तेव्हापासून ही दोन्ही मते मला अपुरी वाटू लागली. एखाद्या देशाचे जेवण परमुलखात गेल्यावर का बदलते, हे नीट पाहिले तर नाक मुरडण्याचे कारण उरत नाही. मात्र वाटेत जे हरवले त्याची हळहळ वाढते.

गाडीवर काय घडते ते आधी पाहू. जाळ कढईच्या काठापर्यंत चढलेला असतो. तेलात बारीक चिरलेले आले-लसूण पडते, मागोमाग कोबी, गाजर, फरसबी आणि सिमला मिरची जाते, आणि भाज्यांचा करकरीतपणा टिकून आहे तोवरच भात, मीठ, अजिनोमोटो, सोया सॉस आणि शेजवान चटणी पडून, दोन-चार वेळा कढई उडवून सगळे ताटलीत येते. ती चटणी म्हणजे भिजवून वाटलेल्या सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, थोडे आले, व्हिनेगर, साखर आणि तेल. मोठ्या आचेवर झटपट परतण्याचे हे तंत्र अस्सल चिनी आहे, आणि गाडीवरच्या कारागिराच्या हाताला जी सफाई असते ती घरच्या गॅसवर कितीही धडपड केली तरी येत नाही. म्हणजे तंत्र येथवर शाबूत पोहोचले. बदलली ती चव.

ती का बदलली, याचे पहिले कारण आणणाऱ्यांमध्ये आहे. भारतात चिनी स्वयंपाक रुजवला तो मुख्यतः कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांनी. त्यांत हक्का समाज मोठा होता. टेंगरा भागातले त्यांचे चामड्याचे कारखाने आणि पुढे तिथेच उभी राहिलेली उपाहारगृहे प्रसिद्ध आहेत. ही माणसे मूळची दक्षिण चीनची, आणि त्यांचे घरचे जेवण सिचुआनसारखे तिखटजाळ नव्हते. दुसरे कारण खाणाऱ्यांमध्ये आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंच्युरियन केले, तेव्हा सुरुवात आपल्याच आले, लसूण आणि हिरव्या मिरचीने केली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातले, अशी त्या पदार्थाची सर्वज्ञात कथा आहे. मला त्यात फसवणूक दिसत नाही. भाताबरोबर काहीतरी रसदार हवे, ही आपली गरज त्या स्वयंपाक्याने ओळखली, एवढेच. चीनमध्येही पिठाचे पाणी लावतात, पण ते पदार्थाला जेमतेम चकाकी येईल इतकेच. आपण त्याचा रस्सा केला.

आपल्या जेवणाचेही परदेशात हेच झाले आहे. ब्रिटनमधली बहुसंख्य ‘इंडियन’ उपाहारगृहे सिल्हेटहून गेलेल्या बंगाली माणसांनी उभी केली, आणि 2001 मध्ये तिथले परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. तिथल्या ‘इंडियन’ मेन्यूकार्डात भरली वांगी नाहीत, म्हणून आपल्याला वाईट वाटते. चेंगदूच्या माणसाला आपल्या मेन्यूकार्डाकडे पाहून तसेच वाटत असणार.

कारण घरच्या चिनी जेवणात जे रोज असते, तेच इथे जवळजवळ आलेले नाही. चेंगदूमध्ये मी ज्यांच्याकडे जेवत असे, तिथे मध्ये चार पदार्थ ठेवून प्रत्येकाला मसाला, तेल, मीठ काही नसलेला साधा पांढरा भात देत. पालेभाजी फक्त लसणावर परतलेली असे. शेवटी पातळ, फिकट सूप येई. फ्राइड राइस हा उरलेल्या भाताचा पदार्थ होता, आपल्या फोडणीच्या भातासारखा. एक तिखट पदार्थ, त्याला तोलणारे तीन सौम्य पदार्थ, अशी ती रचना असते. आपण तो तिखट पदार्थच उचलला आणि त्यालाच पूर्ण जेवण केले.

आणि त्या तिखट पदार्थातलाही अर्धा भाग सुटला. मापो तोफू, म्हणजे तिखट रश्श्यातले सोयाबीनचे पनीर, हा चेंगदूचा जगप्रसिद्ध पदार्थ मी तिथे प्रथम खाल्ला, तेव्हा जिभेला मिरची लागली, आणि मग ओठांना मुंग्या आल्यासारखे होऊन जीभ हळूहळू बधिर झाली. वर भुरभुरलेली करडी-तपकिरी पूड मी बोटावर घेऊन हुंगली आणि थबकले. तो लिंबाच्या सालीसारखा, किंचित रानटी वास मला लहानपणापासून ठाऊक होता. बांगड्याच्या तिखल्यात आई ठेचून घालायची त्या तिरफळाचा तो वास होता.

हे साम्य केवळ भासाचे नाही. ती पूड ज्या दाण्याची होती ते सिचुआनचे फळ, म्हणजे सिचुआन पेपर, आणि कोकणातले तिरफळ एकाच कुळीतल्या, झँथोझायलम प्रजातीच्या काटेरी झाडांवर येतात, आणि दोन्हींची आतली काळी बी टाकून फक्त वरचे टरफल वापरतात. ही झाडे लिंबाच्या कुटुंबातली आहेत. जिभेला येणाऱ्या मुंग्या सॅन्शूल नावाच्या द्रव्यामुळे येतात; ते स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवते, आणि ओठांवर सेकंदाला सुमारे 50 कंपने होत असल्यासारखी ही जाणीव असते, असे लंडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले. मिरची तर दोन्हीकडे पाहुणी. ती अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आशियात आली. सिचुआनची मूळ ओळख मिरचीच्या कितीतरी आधीपासून या टरफलाची आहे. तरीही ‘शेजवान’ नावाच्या आपल्या चटणीत पाहुणी तेवढी आहे आणि यजमान नाही.

याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण इथे ‘जिन्नस मिळत नव्हता’ ही सबब चालत नाही. कोलकात्याहून मुंबईत आलेल्या स्वयंपाक्याला सिचुआनचा दाणा सहज मिळाला नसेल, हे मान्य आहे. पण तिरफळ सिंधुदुर्गातल्या आणि रत्नागिरीतल्या घरांत पिढ्यानपिढ्या आहे, आणि ठाण्यातल्या नौपाड्यात कोकणी जिन्नस विकणाऱ्या दुकानात ते सुके मिळते. दोन स्वयंपाकघरे इतकी शेजारी असूनही त्यांची ओळख झाली नाही.

मी आता घरी शेजवान चटणी करताना तिरफळ घालते. बी काढून टाकून टरफले कोरड्या तव्यावर मंद आचेवर शेकायची, वास सुटताच उतरवायची, खलबत्त्यात कुटून चाळायची आणि चटणी गॅसवरून उतरल्यावरच मिसळायची, कारण शिजत राहिली की वास उडतो. तिरफळाचा गंध अधिक रानटी आहे आणि मुंग्या सिचुआनच्या दाण्याहून सौम्य येतात. ती चेंगदूची चव नव्हे. पण फ्राइड राइसचा पहिला घास गिळल्यावर ओठ जरासे थरथरतात, आणि मिरचीला जोडीदार मिळाल्याने तिचे प्रमाण आपोआप कमी करता येते. चेंगदूलगतच्या पिशियानच्या आंबवलेल्या बीन-मिरचीच्या लगद्याला मात्र आपल्याकडे पर्याय सापडलेला नाही. तो चेंगदूहून कुणी आले तर मी मागवून घेते, आणि तो संपला की मापो तोफू करायचे थांबवते.