अकरा जणींचा हिशेब

रात्री आठला ड्युटीवर आले तर नऊ नंबरच्या बेडवर मावशी बसलेल्या. काळजात धस्स झालं. त्या तिथे असायलाच नको होत्या. आदल्या रात्री मीच त्यांची तयारी केली होती. सकाळी घरी जाताना हात हातात घेऊन मीच सांगितलं होतं, "मावशी, तुमची पहिली केस आहे. रात्री मी येईन तेव्हा ऑपरेशन होऊन तुम्ही आयसीयूत असाल."

ऑपरेशन झालंच नव्हतं. आयसीयूतला बेड रिकामा झाला नाही, आणि एवढ्या मोठ्या ऑपरेशनला तो बेड हातात असल्याशिवाय पेशंटला आत घेत नाहीत. ते बरोबरच आहे. पण "आज होणार नाही" हे मावशींना कळलं दुपारी साडेतीनला. तोवर त्या रात्री बारापासून उपाशी, पाण्याचा थेंब नाही. खरं तर साधं पाणी भुलीच्या आधी २ तासांपर्यंत चालतं, जेवणाला ६ तासांचं अंतर पुरतं. पण 'बारानंतर काही नाही' हे आमच्या हाडात मुरलंय. केस तासातासाने पुढे ढकलली जात असताना "मावशींना घोटभर पाणी देऊ का?" असं कुणी विचारलं नाही. मला याचा अजून राग येतो.

मावशी सांगोल्याकडच्या, वय ५४. पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटायचं, म्हणून गावात कितीतरी महिने पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. ओव्हरीचा, म्हणजे बीजकोशाचा, कॅन्सर असाच फसवतो. बहुतेक बायका आमच्याकडे येतात तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. मावशींचा तिसऱ्या स्टेजचा. महात्मा फुले योजनेची मंजुरी आली, दादरच्या धर्मशाळेत राहून दर २१ दिवसांनी एक अशा तीन किमो झाल्या. केस गेले, पण पोटातलं पाणी आटलं, गाठी लहान झाल्या आणि ऑपरेशन ठरलं. गर्भाशय, दोन्ही बीजकोश, आतड्यांवरची चरबीची चादर, शिवाय डोळ्यांना जिथे जिथे रोग दिसेल ते सगळं काढायचं. त्यासाठी छातीच्या हाडाखालून ओटीपोटापर्यंत उभा छेद. आतड्याला चिकटलेलं असलं तर आतड्याचाही तुकडा जातो, आणि मग कधी कधी काही महिन्यांसाठी शी गोळा व्हायला पोटावर बॅग द्यावी लागते.

त्यांची सगळी भीती त्या बॅगेचीच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. संमतीपत्रावर सही करताना त्या शब्दापाशी त्या अडल्या होत्या. म्हणून स्टोमाच्या, म्हणजे पोटावरच्या बॅगेचं बघणाऱ्या, सिस्टरांना बोलावलं. त्यांचं काम बघत राहावं असं. मावशींना बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, परकराची नाडी कुठे येते ते त्यांच्याकडूनच बांधून घेतलं, आणि नाडीपासून दूर, पोटाची वळी पडणार नाही अशा जागी दोन्ही बाजूंना मार्करने खूण केली. एका रिकाम्या बॅगेत थोडं पाणी घालून ती तासभर चिकटवून ठेवली. मावशी तशाच वॉर्डात फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय?" आम्हाला वाटलं, झालं, भीती गेली.

आणि आता नाडी ११८, बीपी १६४/९८.

"मला सोडा सिस्टर. मी काय ऑपरेशन करत न्हाई आता. गावाला जाते."

हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने एकेक करून मी त्या उतरवल्या होत्या. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला कॉटरीची वीज वापरतात, म्हणून अंगावर धातूचा दागिना चालत नाही आणि काचही ठेवत नाहीत. आमची एक नवी मुलगी "बांगड्या फोडायच्या आहेत" म्हणाली तेव्हा मावशींचा चेहरा पांढराफटक पडला होता. सवाष्ण बाईशी असं बोलू नये. 'वाढवायच्या' म्हणावं, आणि शक्य असेल तर अख्ख्याच उतरवाव्यात. ऑपरेशन रद्द झाल्यावर सुनेनं त्या परत चढवल्या होत्या.

डॉक्टरांनी झोपेसाठी गोळी लिहून दिली होती. गोळी मी हातात घेतली आणि सवयीनं म्हणाले, "घाबरू नका मावशी, उद्या सगळं नीट होईल."

"काल बी तुमी हेच म्हणला."

आवाजात राग नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. जे माझ्या हातात नव्हतं ते मी त्यांना कबूल करून बसले होते.

दहाची औषधं वाटून झाली, वॉर्ड निजला. स्टूल ओढून मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "मावशी, उद्या कितीला घेतील ते मला माहीत नाही. घेतीलच असंही सांगत नाही. तुमच्या मनात नेमकं काय आहे तेवढं सांगा." मग गप्प बसले. चौदा वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत जड गेलेली गोष्ट ही गप्प बसण्याची आहे. सूनबाई खाली चटईवर झोपली होती. पाच मिनिटं गेली असतील.

"तुमच्याकडं कागद हाय का?"

मावशी गावच्या बचत गटाच्या खजिनदार. गटात अकरा जणी, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. गटातल्या गटात कर्जं, त्यांचे हप्ते. वही घरी कपाटात. पण मुंबईला आल्यापासून त्या वहीत एकही नोंद नव्हती. कुणी धर्मशाळेत भेटायला येऊन हातात पैसे दिले होते, कुणी हप्ता पुढच्या महिन्यावर टाकलेला फोनवर कळवला होता. सगळं त्यांच्या डोक्यात. लिहायला घ्यायच्या, तर किमोनं बोटांना मुंग्या आल्या होत्या, पेन धरवत नव्हतं. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरच्यांना हिशेब लिहायला सांगायचा म्हणजे निरवानिरवीचं बोलणं. ते त्यांना नको होतं.

"मरायचं काय न्हाई सिस्टर. समदेच जात्यात. पर मी गेल्यावर बाया म्हणतील, हिनं पैसं खाल्लं. माझा ल्योक कुठनं जबाब देईल?"

मी आकडे भरायचा एक जुना छापील तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. पाटलाची थोरली सून, कर्ज पाच हजार, दोन हप्ते आले, एक बाकी. वरच्या आळीची आक्का, सगळं चुकतं. शाळेतली खिचडीवाली, श्रावणाचं दिलं, भादव्याचं नाही. मावशी डोळे मिटून, बोटांची पेरं मोजत सांगत होत्या. मधेच "थांबा, खोडा ते" म्हणायच्या. चौथ्या-पाचव्या नावावर त्यांचा आवाज बदलला. तो खजिनदार बाईचा आवाज होता.

सातव्या नावाला सहा नंबरची ड्रिप वाजली. मी उठून गेले, तिथे वीसेक मिनिटं मोडली. परत आले तर सून उठून बसलेली, कागद मांडीवर, पुढची नावं लिहीत होती. "आत्या, हिचं व्याज धरायचं का?" एवढंच विचारत होती. मी मध्ये गेले नाही.

साडेबाराला नाडी ८८. गोळी त्यांनी घेतली आणि झोपल्या. पहाटे साडेपाचला मी त्यांना उठवून घोटभर पाणी दिलं. रात्रीच भूल देणाऱ्या मॅडमना फोन करून विचारून ठेवलं होतं. बांगड्या परत साबणाच्या पाण्याने उतरल्या. पावणेआठला आत घेतलं. थिएटरच्या दारात त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "कागद नीट ठिव."

साडेसात तास लागले. आतड्याचा तुकडा काढावा लागला. आतडं जोडलं, पण तो जोड भरून येईपर्यंत उजव्या बाजूला बॅग आली, बरोबर मार्करच्या खुणेवर.

चौथ्या दिवशी त्या आयसीयूतून वॉर्डात आल्या. नाकातली नळी निघालेली, दुखू नये म्हणून पाठीतून औषध देणारी बारीक नळी अजून होती. रात्री मी बॅग रिकामी कशी करायची ते सुनेला दाखवत होते. मावशींनी मला जवळ बोलावलं. घसा बसलेला होता, म्हणून कान तोंडाशी नेला.

"सिस्टर, मास्तरणीचं सातशे लिवलंय तुमी. सातशे वीस हायेत."

सुनेनं उशीखालून कागद काढला. मी पेन घेतलं आणि दुरुस्त केलं.