आमची वाटचाल : चरक, बुश आणि गिअरबॉक्स

1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे नांगराच्या जोडीने उसाचा रस काढायचे लोखंडी चरकही तिथे बनू लागले. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आमच्या कारखान्याची सुरुवात अशाच जुन्या चरकांच्या दुरुस्तीतून झाली. झिजलेले बुश, म्हणजे रोलचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या, बदलायचे, ऊस पिळून गुळगुळीत झालेल्या रोलला लेथवर पुन्हा खाचा पाडायच्या. नवा चरक बनवणे नंतर आले. आजही पोट भरते ते सुट्या भागांवरच.

बैलाच्या चरकात रोल उभे असत. डिझेल इंजिन आले तसे ते आडवे झाले. 650 फेऱ्यांच्या इंजिनावर सपाट पट्टा चालायचा आणि जाड मोळी एकदम घातली की तो घसरायचा. गुऱ्हाळवाले वैतागायचे, पण त्या घसरण्यानेच गिअर वाचत होता. मग 1440 फेऱ्यांची मोटर आली. 300 मिमी व्यासाचा रोल मिनिटाला 12 फेऱ्या फिरायला हवा, म्हणजे वेग 120 पटीने कमी करायचा : व्ही-बेल्टवर चौपट, उरलेला तीसपट दोन टप्प्यांच्या गिअरमध्ये. व्ही-बेल्ट सहजासहजी घसरत नाही, त्यामुळे पहिल्यांदा तुटू लागला तो गिअरचा दात. म्हणून दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमध्ये मऊ पोलादाची शिअर पिन दिली, म्हणजे जादा ताण आला की गिअरच्या आधी ती तुटते. ती तुटली की काही गुऱ्हाळांवर तिथे सहज न तुटणारा हाय-टेन्साइल बोल्ट ठोकतात आणि आठवड्याभरात गिअर घेऊन येतात! आता यंत्राबरोबर जादा पिनांची पुडी देतो.

रोल बिडाचा, शाफ्ट ईएन-8 जातीच्या पोलादाचा. 115 मिमी भोकाला 0.10 मिमी आवळ ठेवतो, म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा तेवढा जाड. रोल 180 अंशांपर्यंत तापवला की भोक 0.2 मिमीच्या आसपास फुगते आणि शाफ्ट हाताने आत जातो. रोल शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायच्या चावीच्या खाचेचा कोपरा धारदार राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून तिथे गोलाई देतो. घासून गुळगुळीत केलेला रोल दिसायला छान, पण ऊस पकडत नाही. बिडाचा खरखरीतपणा इथे कामाचा.

रोलमधले अंतर जुळवणे हा सगळ्या तक्रारींचा उगम. पुढच्या आणि वरच्या रोलमध्ये 8 ते 10 मिमी, मागे 2 ते 3 मिमी. चिपाड मुठीत पिळून पाहावे. रस टपकला तर मागचा रोल थोडा आवळावा. चिपाडाचा भुगा होत असेल तर उलट सैल करावा, कारण तो भुगा रसात उतरतो, काहिलीत मळी वाढते आणि गुळव्या चरकवाल्याच्या नावाने खडे फोडतो. नीट जुळवलेला तीन रोलचा चरक उसाच्या वजनाच्या 60 ते 65 टक्के रस देतो. त्याहून मोठे आकडे सांगणाऱ्या विक्रेत्याला वजनकाटा आणायला सांगावे.

बेअरिंगच्या बाबतीत आम्ही जुन्याच मताचे. रस आम्लधर्मी असतो. सील जरा फाटले की तो रोलर बेअरिंगमध्ये शिरतो आणि हंगामाच्या मध्यावर बेअरिंग जॅम होते. गनमेटलचा बुश निदान आवाज करून सूचना देतो. शाफ्ट-बुशमध्ये 0.2 मिमी सैल ठेवतो. झीज 1 मिमीपर्यंत गेली की रोल तिरका चालतो आणि गिअरचा दात एका कडेने झिजतो. रसाची थाळी मात्र 304 स्टेनलेसचीच हवी. साध्या पत्र्याचे लोखंड रसात उतरून गुळाचा रंग काळवंडतो, आणि बाजारात भाव रंगावर ठरतो.

अलीकडे नव्या चरकांची मागणी घटली, ऊस साखर कारखान्यांकडे वळला. बंद गिअरबॉक्सचे नवे मॉडेल आहे, रसवंतीसाठी लहान यंत्रेही करतो, पण मुख्य काम पावसाळ्यातल्या दुरुस्तीचे. रोल जून ते ऑगस्टमध्ये पाठवावेत. दिवाळीनंतर आलेल्या रोलला लेथवर रांग लागते, आणि तोवर गुऱ्हाळ बंद राहते.