सिमेंटात सांभाळलेलं संग्रहालय

दगडी वस्तूंच्या जतनाचं काम करणारा माणूस बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरला, की आधी विचारतो, हे वाचलं कसं? 1942 साली खुलं झालेली ही इमारत 1975 मध्ये सुरू झालेल्या लेबनॉनच्या यादवीत शहर दुभंगणाऱ्या रेषेवरच सापडली. हे सांगणारी तिथली छोटी फिल्म मी आधी पाहिली, तेच बरं झालं.

संचालक मोरिस शेहाब यांनी हलवण्याजोग्या वस्तू तळघरात नेऊन पुढे भिंत घातली. शवपेट्या, मोठे पुतळे हलणारे नव्हते. त्यांना आधी वाळूची पोती, ती अपुरी पडल्यावर लाकूड-काँक्रीटचं कवच. जमिनीवरच्या मोझेइकवर, म्हणजे रंगीत खड्यांच्या चित्रांवर, प्लॅस्टिक अंथरून वर काँक्रीट ओतलं. त्या प्लॅस्टिकला मी पैकीच्या पैकी गुण देईन. ते नसतं तर काँक्रीट फोडताना मोझेइकचे तुकडेही त्याला चिकटून आले असते. शिवाय ओल्या सिमेंटमधले क्षार दगडात मुरतात आणि सुकताना आत त्यांचे स्फटिक होऊन खपल्या निघतात.

तळघराचं मात्र उलटं झालं. गोळ्या पोचल्या नाहीत, पण खालून भूजल चढलं. बंद, दमट खोली म्हणजे कांस्याचा काळच: धातूत क्लोराइड असेल तर फिकट हिरवी भुकटी सुटते. नुसती घासली तर पुन्हा येते. क्लोराइड काढा किंवा हवा कोरडी ठेवा.

युद्ध संपल्यावर कवचं लगेच फोडावीत, असं मंत्र्यांना वाटत होतं. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख कामिल अस्मर अडून बसले: आधी दारं-खिडक्या बसवा, नाहीतर चोरांची सोय होईल. अगदी बरोबर!

भिंतीवरच्या ‘गुड शेफर्ड’ (चांगला मेंढपाळ) मोझेइकला स्नायपरने बंदुकीसाठी आरपार भोक पाडलं, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. बुजवणं अवघड नव्हतं: मागे चुन्याचा थर, वर रंग जुळवून खडे. पण मीही ते बुजवलं नसतं. आता तोही पुरावाच आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र शेजारच्या कार्यालयात झालं. आगीत वस्तूंच्या 45 पेट्यांबरोबर नकाशे, फोटो, नोंदीही जळाल्या. तडकलेला दगड सांधता येतो. पण एखादं मडकं कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं हे सांगणारा कागद गेला, की त्याचा काळ ठरवायला हाती उरतो फक्त आकार आणि माती.