प्रोपेलर शाफ्ट, १९ मिलिमीटर आणि आईच्या पडद्याचा रॉड

गाडी हवेत होती, तिथंच सगळं फसलं. बाकी नव्या शाफ्टचं माप मी अगदी मन लावून घेतलेलं, टेप नवी, आकडा तीनदा तपासला, वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ७४२ मिलिमीटर. त्या ७४२ नं माझे साडेचार हजार रुपये आणि दोन रविवार खाल्ले.

गाडी म्हणजे १९९८ ची जिप्सी किंग, दाजींकडून घेतलेली, शेतावर न्यायला आणि पावसाळा संपला की मसाई पठाराकडं फिरवायला. जिप्सीचे पाटे (लीफ स्प्रिंगा) कंपनीतून ॲक्सलच्या खालून येतात, ते आम्ही ॲक्सलच्या वर घेतले, म्हणजे नवीन बैठका वेल्ड करून. याच्यात गाडी पाचेक इंच उचलली जाते. (मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम, गाडीतल्या फेरफाराचं, मला माहितीय, आरटीओचा विषय वेगळ्या दिवशी.) दिसायला एक नंबर, पण ट्रान्सफर केस, म्हणजे गियरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडं वाटणारी पेटी, वर गेली, ॲक्सल खालीच राहिला, त्यामुळं या दोघांना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट, एकदम तिरका झाला आणि मूळ शाफ्ट पुरेनाच. स्लिप, म्हणजे शाफ्टचा एकात एक सरकणारा भाग, इतकी बाहेर आलेली की आतल्या स्प्लाइनला (दात्यांना) जेमतेम बोटभर पकड उरली. काहीजण मधे ॲल्युमिनियमचा स्पेसर (जाड चकती) टाकून मोकळे होतात. मला ते जुगाड नको होतं, म्हटलं करायचं तर शाफ्टच नवीन करून घेऊ.

कोल्हापुरात असल्या कामाला जागा शोधावी लागत नाही, उद्यमनगरात शिरलं की लेथच्या आवाजावरून चालत जायचं. माझे टर्नर काका सुतात बोलतात, मी मिलिमीटरमध्ये. "किती सूत पायजे?" आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, दाराची चौकट असती तर चाललं असतं, पण शाफ्टला नको वाटतं. मी कागदावर ७४२ लिहून दिलं, फ्लँज (टोकाची बोल्टनं जोडायची चकती) फेस ते फेस, स्लिप आत जायला २५ मिलिमीटर जागा ठेवून. हे लिहून देणं फार गरजेचं कारण कुणी क्रॉसच्या (टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) सेंटरपासून सेंटरपर्यंत मोजतं, कुणी फ्लँजपासून, आणि दोघंही त्याला लांबीच म्हणतात. शिवाय फ्लँजची भोकं कुठल्या वर्तुळावर, बोल्ट किती जाडीचा, मधला गोल खड्डा किती, क्रॉसची वाटी किती एमएम हे सगळं व्हर्नियरनं मोजून दिलं. जिप्सी म्हटली की सगळ्या फ्लँज सारख्याच असतील असं धरून चालू नका.

बॅलन्सिंगचं (फिरताना शाफ्ट एका बाजूला जड पडू नये म्हणून करतात ते) विचारलं तर काका हसले. "जिप्सी हाय ती, विमान न्हवं."

शाफ्ट आला, बसला, पहिल्या दिवशी मी खूश. मग चुलतभाऊ आणि त्याचा मित्र मागं बसले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून ठक. लोखंडावर लोखंड आपटल्याचा कोरडा आवाज. दुसऱ्या ब्रेकरला परत ठक. आणि साठच्या पुढं गेलं की गियरचा दांडा हातात थरथर करायचा.

आता ते ठक काय होतं. मी माप घेतलं तेव्हा गाडी चेसिसखाली घोड्या लावून उचललेली, मागची चाकं लोंबकळत होती. पाटे मोकळे सुटले की ॲक्सल खाली जातो आणि ट्रान्सफर केस ते पिनियन (ॲक्सलचं शाफ्ट जोडायचं टोक) हे अंतर वाढतं. गाडी जमिनीवर आली की ते कमी होतं, माणसं बसली की अजून कमी. नंतर चाकांवर उभी करून, मागं वजन ठेवून मोजलं तर ७२३. म्हणजे १९ मिलिमीटरचा फरक. मी ठेवलेल्या २५ मधले १९ गाडी खाली उतरून वजन पडतानाच गेले, उरले ६, आणि दोन पैलवान मागं बसून ब्रेकर आल्यावर ६ ला काय होतंय, स्लिप पूर्ण आत जाऊन शाफ्टचा कांब झाला आणि तो कांब सरळ ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर धक्का देत होता. आठवडाभर अशीच चालवली असती तर केसच फुटली असती.

म्हणून दुसऱ्या वेळी गाडी सपाट फरशीवर, चाकांत हवा बरोबर, टाकी भरलेली, मागं सिमेंटची दोन पोती म्हणजे १०० किलो, कारण मी रिकामी गाडी घेऊन पठारावर जात नाही. गाडी दोनदा पुढं-मागं ढकलून घेतली, पाटे आपल्या जागी बसावेत म्हणून. खाली झोपून टेप धरली तर ती मधे वाकते, एका हातात टॉर्च, तोंडावर धूळ, आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा. शेवटी हॉलमधला पडद्याचा रॉड काढला, तो एकात एक सरकणारा असतो ना, तो. दोन फ्लँजच्या मधे ताणून बसवला, जोडावर मार्करनं रेघ मारली, चिकटपट्टी लावली, बाहेर काढून टेबलावर आरामात मोजला. ७२३. परत लावला, परत ७२३. पोती काढून मोजलं तर आकडा वेगळा आला, तो इथं सांगतच नाही, उगाच कुणीतरी तोच घेऊन जाईल.

त्या थरथर होण्यामागं वेगळंच प्रकरण निघालं. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे तो क्रॉसचा सांधा, कोनात फिरला की पुढचा भाग एकसारख्या वेगानं फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं राहतो. माझा जॉइंट १२ अंशात चालतोय, म्हणजे इकडून १००० आरपीएम दिले की तिकडं कधी ९७८ तर कधी १०२२. ही गडबड दुसरा जॉइंट भरून काढतो, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, दोन्हीकडचे कोन सारखे आणि शाफ्टच्या दोन्ही योकचे (क्रॉस धरणाऱ्या टोकांचे) कान एका रेषेत. कोनाचं मी आधीच केलेलं, मोबाइलमधल्या लेव्हलनं बघितलं तर ट्रान्सफरची फ्लँज ३ अंश आणि पिनियन साडेपाच, म्हणून पाट्याखाली ३ अंशाची वेज (पाचर) टाकून पिनियन अडीचवर आणला, कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पीळ खातात आणि पिनियन थोडा वर उठतोच. (वेज माप घेण्याआधी टाकायची, तिच्यानंही अंतर बदलतं. हे तरी मी पहिल्या वेळी बरोबर केलेलं.) पण योक? शाफ्ट काढून फरशीवर ठेवला, दोन्ही कानांवर लेव्हल टेकवली तर चांगला चार अंशाचा फरक. डोळ्यानं बघून वेल्ड मारलेलं.

यावेळी हायवेला ट्रक आणि बसचेच शाफ्ट करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या माणसानं माझा कागद वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी खाली टेकलेली होती ना?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पाइप तोच ठेवला, सीमलेस (बिनजोडाचा) आहे, चांगला आहे म्हणाला. एका बाजूचं वेल्ड लेथवर उतरवलं, १९ मिलिमीटर कापले, योक रेषेत आणून आधी चार टाके, मग डायल लावून फिरवून बघितलं, काट्याची उडी कमी होईपर्यंत हातोडीनं टकटक, आणि मगच पूर्ण वेल्ड. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट घुमायला लागला, स्क्रीनवर ग्रॅम आणि कोन आला, त्यानं नखाएवढी दोन पत्र्याची ठिगळं तिथं वेल्ड केली आणि परत फिरवला. एवढी ठिगळं काढा म्हणतात लोक, चांगली दिसत नाहीत म्हणून! माझ्या शाफ्टची लांबी कमी, त्याला अजून तरी चिंता नाही, पण लांबी दुप्पट झाली की ज्या वेगाला शाफ्ट दोरीसारखा फुगायला लागतो तो वेग चौथाईवर येतो, लांब ट्रकला तुकड्यांचा शाफ्ट आणि मधे सेंटर बेअरिंग असतं ते त्यासाठीच.

निघताना स्लिपच्या दोन्ही भागांवर पंचनं बाणाच्या खुणा मारून दिल्या. ग्रीस मारायला कधी सोडला तर बाणासमोर बाण, एक दात जरी सरकला तरी योक परत रेषेबाहेर. पैसे झाले २८००.

घरी येऊन शाफ्ट बसवला आणि स्लिपवर एक केबल टाय घट्ट बांधली, सीलच्या अगदी कडेला. चौघं जण पठारावर जाऊन आलो, चांगले खड्डे बघून बघून आपटले, परत येऊन बघतो तर टाय १६ मिलिमीटर सरकलेली. २५ मधले ९ शिल्लक. ठक नाही, थरथर ऐंशीपर्यंत नाही, त्याच्या वर मी ती गाडी नेतही नाही, पाच इंच उचललेली गाडी वळणावर कशी झुलते ते बसलेल्यालाच माहीत.

पुढचा शाफ्ट अजून मूळचाच आहे, त्याचंही माप घ्यायचंय. पण रॉड परत हॉलच्या खिडकीला लागलाय, त्यावर मार्करची काळी रेघ तशीच दिसते, आणि आईनं विचारलंय की ही कसली खूण रे. मी म्हटलं कंपनीची असेल.